पट, हजेरी आणि हंगाम : जालना जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या शैक्षणिक धोरणांची चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शालेय शिक्षणविषयक चर्चा प्रामुख्याने तीन प्रश्नांभोवती फिरत आली आहे. मूल शाळेत दाखल झाले काय, दाखल झालेले मूल टिकले काय आणि टिकलेले मूल शिकले काय, हे ते तीन प्रश्न होत. पहिल्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर राज्याने दिले आहे असे मानण्याची प्रथा आहे. पटनोंदणी जवळजवळ सार्वत्रिक झाली, तेव्हा आता लक्ष गुणवत्तेकडे वळवावे, अशी मांडणी शासकीय अहवालांतून आणि चर्चासत्रांतून वारंवार होते. ही मांडणी ज्या भूभागात अपुरी ठरते, त्यांत मराठवाड्यातील जालना जिल्ह्याचा समावेश करावा लागतो. येथील असंख्य मुलांचे नाव जूनपासून एप्रिलपर्यंत हजेरीपटावर असते. ती मुले मात्र दसरा-दिवाळीनंतर गावात नसतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागदावर होकारार्थी आणि व्यवहारात अर्धवट असताना दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाची चर्चा कोणत्या पायावर करायची, हा मूलभूत पेच आहे.

प्रस्तुत लेखात ऊसतोडणीसाठी हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या संदर्भात गेल्या अडीच दशकांत राबविल्या गेलेल्या धोरणांचा चिकित्सक परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे. साखरशाळा, हंगामी वसतिगृह, शिक्षण हमी कार्ड, शाळाबाह्य मुलांची सर्वेक्षणे, उपस्थिती भत्ता व वसतिगृह योजना यांचा विचार सुटासुटा होत आला आहे. त्यांच्यामागे काळाविषयीचे एक समान गृहीतक आहे आणि ते गृहीतकच सदोष आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

१ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा हे त्याचे आठ तालुके. हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाचा प्रसार येथे पश्चिम महाराष्ट्राच्या तुलनेने बराच उशिरा झाला. त्या विलंबाची छाया आजही आकडेवारीत दिसते. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या पुढे होती. जालना जिल्ह्याची साक्षरता त्या वेळी सुमारे ७२ टक्के, तर स्त्रियांची साक्षरता ६१ टक्क्यांच्या आसपास होती.

बियाणे उद्योग, पोलाद उद्योग आणि मोसंबी यांमुळे जिल्ह्याला एक आर्थिक ओळख मिळाली आहे. तथापि या संपन्नतेचा लाभ कोरडवाहू शेतकरी, भूमिहीन मजूर आणि तांड्यांवरील कुटुंबे यांच्यापर्यंत मर्यादित प्रमाणातच पोहोचला. जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरी नदी आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी अंबड, घनसावंगी व परतूर या तालुक्यांतून जाते. या पट्ट्यात ऊस पिकतो, अंकुशनगरसारख्या ठिकाणी साखर कारखानाही आहे. याच तालुक्यांतील पाणी न मिळालेली गावे मात्र दरवर्षी ऊसतोड मजूर म्हणून पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात. म्हणजेच हा जिल्हा एकाच वेळी मजूर पाठविणाराही आहे आणि काही प्रमाणात मजूर बोलावणाराही आहे. धोरणाच्या चर्चेत ही दुहेरी भूमिका सहसा लक्षात घेतली जात नाही.

ऊसतोडीच्या व्यवस्थेत मजुरीचे एकक व्यक्ती नसून ‘कोयता’ असते. कोयता म्हणजे पतिपत्नीची जोडी. मुकादम हंगामापूर्वी या जोडीला उचल देतो आणि ती उचल फेडण्यासाठी जोडीला संपूर्ण हंगाम फडात राबावे लागते. पती-पत्नी दोघेही पहाटे फडात जात असल्याने कोपीवर राहणारे लहान मूल, पाणी, स्वयंपाक व जनावरे यांची जबाबदारी घरातील मोठ्या मुलावर, बहुधा मुलीवर, येते. मुलांचे स्थलांतर हे पालकांच्या अनास्थेचे फलित आहे, असे म्हणणे त्यामुळे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. ते मजुरीच्या रचनेतूनच उद्भवते. पालकांचे प्रबोधन हा या प्रश्नावरचा मुख्य उपाय मानणाऱ्या योजनांची मर्यादा येथेच स्पष्ट होते.

गणनेचे दिनमान

मूल शाळेत आहे किंवा नाही हे शासन कसे ठरविते, हा प्रथमदर्शनी तांत्रिक वाटणारा प्रश्न वस्तुतः धोरणाचा गाभा आहे. या संदर्भात काही तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते.

शाळांची वार्षिक सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी दीर्घकाळ ३० सप्टेंबर हा संदर्भ दिनांक मानला गेला. शिक्षकांच्या पदांची संचमान्यताही याच दिनांकाच्या पटावर अवलंबून राहिली. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणीची जी विशेष मोहीम राबविली गेली, ती त्या महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात, ३ ते ५ तारखांना, पार पडली. बोगस पटसंख्या उघडकीस आणणारी ती मोहीम राज्याच्या शैक्षणिक प्रशासनातील महत्त्वाची घटना होती. शाळाबाह्य मुलांचे राज्यव्यापी एकदिवसीय सर्वेक्षण ४ जुलै २०१५ रोजी झाले. ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’ ही मोहीम २०२२ मध्ये ५ ते २० जुलै या कालावधीत राबविण्यात आली.

साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सामान्यतः ऑक्टोबरच्या उत्तरार्धात किंवा नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. वरील सर्व तारखा या हंगामाच्या बाहेर पडतात. जुलैत अंबड वा मंठा तालुक्यातील ऊसतोड कामगाराचे मूल गावातच असते, बहुधा शाळेतही असते. सप्टेंबरअखेर ते पटावर असतेच. राज्याने मुले मोजण्याचे जे मोठे प्रयत्न केले, ते अशा दिवसांत केले की त्या दिवसांत हे मूल शाळाबाह्य ठरूच शकत नव्हते. असे करण्यामागे कोणाचा हेतू होता असे म्हणण्याचे कारण नाही. जूनमध्ये शैक्षणिक वर्ष सुरू होते, तेव्हा जुलैत सर्वेक्षण करणे प्रशासनाला स्वाभाविक वाटते. परंतु प्रशासनाला स्वाभाविक वाटणारा काळ आणि मजुराच्या जीवनाचा काळ यांत किती अंतर आहे, हे यावरून दिसून येते.

या विसंगतीचा दुसरा पैलू शिक्षकांशी निगडित आहे. राज्यात सलग एक महिना गैरहजर राहणारे मूल शाळाबाह्य समजण्याचा निकष स्वीकारला गेला. हा निकष प्रामाणिकपणे लावल्यास ऊसतोडीच्या गावातील शाळेला डिसेंबरमध्ये वर्गातील अनेक मुले शाळाबाह्य म्हणून दाखवावी लागतील. तसे केल्यास शाळेच्या कामगिरीवर प्रश्नचिन्ह उभे राहते, मुख्याध्यापकाला खुलासा द्यावा लागतो आणि पट घटल्यास पुढे पद अतिरिक्त ठरण्याची भीती असते. म्हणजे खरे लिहिणाऱ्यास शिक्षा आणि मौन पाळणाऱ्यास अभय, अशी ही रचना आहे. हजेरीपटाच्या विश्वासार्हतेची चर्चा करताना शिक्षकाच्या नीतिमत्तेवर बोट ठेवणे सोपे असते. या चर्चेत रचनेने शिक्षकापुढे ठेवलेला पर्याय तपासला जात नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

‘सरल’ प्रणालीमुळे २०१५ नंतर प्रत्येक विद्यार्थ्याची ऑनलाइन नोंद होऊ लागली आणि आधार क्रमांकाच्या जोडणीमुळे दुबार नावांना आळा बसला, ही जमेची बाजू मान्य केली पाहिजे. तथापि ही प्रणाली मूल ‘कोणत्या शाळेचे’ आहे हे सांगते. ते आज कोठे आहे हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरच राहतो.

साखरशाळा की वसतिगृह ?

ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाबाबत महाराष्ट्रात दोन विचारप्रवाह राहिले आहेत. मूल जाईल तेथे शाळा न्यावी, हा पहिला. शाळा आहे तेथे मूल ठेवावे, हा दुसरा. साखरशाळा हे पहिल्या विचाराचे, तर हंगामी वसतिगृह हे दुसऱ्या विचाराचे प्रत्यक्ष रूप होय.

साखरशाळांचा प्रयोग या शतकाच्या आरंभी विशेष गाजला. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील ‘जनार्थ’ या संस्थेने कारखान्यांच्या परिसरात हंगामी शाळा चालवून या प्रश्नाकडे राज्याचे लक्ष वेधले. मूल पालकांजवळ राहते, धाकटे भावंडही सोबत आणता येते आणि हंगामाचे सहा महिने पूर्णतः वाया जात नाहीत, हे या प्रयोगाचे बलस्थान होते. त्याच्या मर्यादाही तितक्याच ठळक होत्या. सर्व टोळ्या कारखान्याच्या आवारात उतरत नाहीत. ट्रॅक्टर-ट्रकवर काम करणाऱ्या टोळ्या कारखान्यापासून दूर, फडाजवळ कोप्या घालतात आणि फड संपला की हलतात. अशा विखुरलेल्या वस्त्यांपर्यंत एका जागी बांधलेली साखरशाळा पोहोचू शकत नव्हती. शिवाय तेथे शिकलेल्या सहा महिन्यांना गावाकडील शाळेने कोणते मूल्य द्यायचे, हा प्रश्न कायम अनिर्णित राहिला.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि या वादाला नवे वळण मिळाले. प्रत्येक मुलाला पूर्णवेळ औपचारिक शाळेतच शिक्षण मिळाले पाहिजे, ही या कायद्याची भूमिका आहे. अर्धवेळ केंद्रे, वस्तीवर्ग व तत्सम पर्यायी व्यवस्था यांना त्यात स्थान उरले नाही. तत्त्व म्हणून ही भूमिका निर्विवाद आहे. गरिबाच्या मुलासाठी दुय्यम दर्जाची शाळा का असावी, या प्रश्नाला कोणतेही समर्थनीय उत्तर नाही. मात्र या तत्त्वाची अंमलबजावणी करताना साखरशाळा मागे पडली आणि तिच्या जागी कारखान्याजवळच्या नियमित शाळेने मुलांना सामावून घ्यावे, ही अपेक्षा कागदावरच राहिली. जुनी व्यवस्था मोडली आणि नवी उभी राहिली नाही, अशा अंतरालात काही पिढ्यांचे शिक्षण हरवले.

दुसऱ्या प्रवाहातील हंगामी वसतिगृह योजना सर्व शिक्षा अभियानातून व पुढे समग्र शिक्षा अभियानातून राबविली गेली. पालक हंगामाला जातात, मूल गावात आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहते आणि शाळा व्यवस्थापन समितीमार्फत त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय होते, असे तिचे स्थूल स्वरूप आहे. दुपारच्या जेवणासाठी शालेय पोषण आहार असतोच. मराठवाड्यात या योजनेने अनेक मुलांना गावात रोखून धरले, हे निर्विवाद होय.

तरीही या योजनेच्या नावातच एक अतिशयोक्ती आहे. ‘वसतिगृह’ म्हटले की निवास, अधीक्षक, स्नानगृह, अभ्यासिका, आजारपणाची व्यवस्था यांचे चित्र डोळ्यांसमोर येते. बहुतेक ठिकाणी हे ‘भोजनगृह’ असते. रात्री मूल वृद्ध आजीच्या घरीच असते. दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या सुरक्षिततेची चिंता आईबापांना वाटते आणि त्या चिंतेपोटी ते तिला सोबत नेतात, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही. दुसरा दोष विलंबाचा आहे. वसतिगृहाची मागणी, सर्वेक्षण, प्रस्ताव, मंजुरी आणि निधी या पायऱ्या पार पडेपर्यंत टोळ्यांच्या गाड्या निघून गेलेल्या असतात. दसऱ्यापूर्वी जे हाती असायला हवे ते दिवाळीनंतर आले, तर त्याचा उपयोग गेलेल्या मुलांना होत नाही. तो फक्त अन्यथाही मागे राहणार असलेल्या मुलांना होतो. त्यामुळे लाभार्थ्यांची संख्या हा या योजनेच्या यशाचा पुरावा होऊ शकत नाही. योजना नसती तर किती मुले गेली असती आणि योजनेमुळे त्यांतील किती थांबली, हाच खरा निकष होय.

या दोन प्रवाहांतील वाद बहुधा ‘हे की ते’ अशा स्वरूपात मांडला जातो. वस्तुतः मुलाच्या वयानुसार उत्तर बदलते. पहिली-दुसरीच्या मुलाला सहा महिने आईपासून दूर ठेवणे शैक्षणिकदृष्ट्या सोयीचे असले, तरी बालमनाच्या दृष्टीने ते कितपत इष्ट आहे, हा गंभीर प्रश्न आहे. उलट सातवी-आठवीच्या मुलीला फडावरच्या तात्पुरत्या वर्गात शिकविणे अपुरे आहे, तिला पूर्णवेळ शाळा व सुरक्षित निवास हवा. लहानांसाठी फडाजवळची शाळा आणि मोठ्यांसाठी गावाजवळचे वसतिगृह अशी विभागणी तर्कसंगत ठरते. परंतु एक योजना सर्वांना लागू करण्याच्या प्रशासकीय सवयीमुळे हा भेद धोरणात उतरला नाही.

हमी कार्ड आणि जबाबदारीचे विभाजन

कायद्यात स्थलांतरित मुलांचा विचार झालेला नाही, असे म्हणता येत नाही. अधिनियमाच्या कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाच्या कर्तव्यांत स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश देण्याची स्पष्ट तरतूद आहे. कलम ५ नुसार मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क असून दाखला मिळण्यास विलंब झाला, या कारणाने प्रवेश नाकारता किंवा लांबविता येत नाही. कलम ४ वयानुरूप वर्गात प्रवेश व विशेष प्रशिक्षण यांची हमी देते. शैक्षणिक कॅलेंडर ठरविण्याचे कर्तव्यही कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाकडेच सोपविलेले आहे.

या तरतुदींना मूर्त रूप देण्यासाठी राज्यात शिक्षण हमी कार्डाची कल्पना पुढे आली. मूल गाव सोडताना शाळेने त्याला कार्ड द्यावे आणि ते पाहून दुसऱ्या ठिकाणच्या शाळेने त्याला विनाअडथळा बसवून घ्यावे, ही ती कल्पना होय. २०१७ च्या सुमारास सुरू झालेल्या बालरक्षक चळवळीतून अनेक शिक्षकांनी या कामी स्वेच्छेने पुढाकार घेतला. कल्पना साधी व उपयुक्त आहे. पण तिची संपूर्ण भिस्त पाठविणाऱ्या शाळेवर आहे. घनसावंगीच्या शाळेने कार्ड दिले, तरी ते मूल सांगली वा कोल्हापूर जिल्ह्यातील कोणत्या गावी उतरले हे बहुधा मुकादमालाच ठाऊक असते. कार्ड पालकाच्या पिशवीत राहते. तेथील शाळेला चार महिन्यांसाठी आलेल्या मुलाबद्दल कोणतीही अतिरिक्त तरतूद, पद किंवा श्रेय मिळत नाही, कारण तिचा पट ३० सप्टेंबरलाच निश्चित झालेला असतो. कर्नाटकात गेलेल्या टोळीबाबत तर राज्याची सीमा आणि माध्यमाची भाषा असे दोन अडथळे वाढतात.

हक्क मुलाला दिला गेला, परंतु निधी शाळेच्या पटाशी बांधला गेला. मूल हलते आणि निधी हलत नाही. हमी कार्डातील ‘हमी’ ज्या क्षणी खरी ठरायला हवी, नेमक्या त्याच क्षणी ती देणारे कोणी नसते. जालना जिल्ह्यालाही या बाबतीत आत्मपरीक्षण करावे लागेल. जिल्ह्यातील कारखान्यांवर बाहेरून येणाऱ्या टोळ्यांच्या मुलांसाठी येथील शाळा काय करतात, या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक असल्याखेरीज इतर जिल्ह्यांकडून अपेक्षा करण्याचा नैतिक अधिकार दुबळा ठरतो.

कल्याण योजनांची रचना

विद्यार्थी कल्याणाच्या योजनांची यादी महाराष्ट्रात लांब आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेली मध्यान्ह भोजन योजना ही त्यांतील सर्वांत परिणामकारक ठरली. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शिजविलेल्या अन्नाचा आग्रह धरला. २००४ मधील आदेशाने दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही आहार देण्याचे बंधन घातले. २०१२-१३ च्या भीषण दुष्काळाचा अनुभव घेतलेल्या जालना जिल्ह्यात या तरतुदीचे मोल वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. दुष्काळात सुट्टीमध्येही अन्न शाळेतून मिळू शकते, तर ‘शाळा चालू असताना स्थलांतरात अन्न का मिळू नये’ हा प्रश्न यातून तर्कतः उद्भवतो. फडावरचे मूल हे पटावर असूनही आहाराबाहेर राहते.

मुलींच्या उपस्थितीसाठी १९९२ मध्ये सुरू झालेला उपस्थिती भत्ता हे दुसरे उदाहरण होय. दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती, जमाती व विमुक्त-भटक्या जमातींतील प्राथमिक शाळेतील मुलींना दररोज एक रुपया, असे त्याचे स्वरूप होते. त्या काळी एका रुपयाला काही अर्थ होता. पुढील तीन दशकांत महागाई वाढत गेली, रुपया मात्र एकच राहिला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, भत्त्याला उपस्थितीची अट असल्याने जी मुलगी स्थलांतरामुळे गैरहजर राहते, तीच त्यास अपात्र ठरते. ज्या संकटावर उपाय म्हणून भत्ता दिला, त्या संकटात सापडलेल्या मुलीला तो मिळत नाही.

उच्च माध्यमिक व महाविद्यालयीन स्तरावरील योजनांची रचना याहून वेगळी आहे. अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्, इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आधार योजना, मराठा समाजातील विद्यार्थ्यांसाठी पंजाबराव देशमुख यांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अशा समाजनिहाय योजना अस्तित्वात आल्या. त्यांची आवश्यकता नाकारता येणार नाही. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथून उभ्या राहिलेल्या आंदोलनाने आरक्षणाचा प्रश्न राज्याच्या केंद्रस्थानी आणला आणि त्याच तालुक्यांतून त्याला प्रत्युत्तर देणारी आंदोलनेही झाली. या वादातील बाजू तपासणे हा येथील विषय नाही. लक्षात घेण्याजोगी बाब एवढीच की, हा सर्व वाद महाविद्यालयाच्या व नोकरीच्या दारापाशी चालतो. ऊसतोड कामगारांत मराठा, वंजारी, बंजारा, दलित, धनगर अशा अनेक समाजांची कुटुंबे आहेत आणि त्यांची मुले त्या दारापर्यंत पोहोचण्यापूर्वीच गळतात. आठवीत शाळा सुटलेल्या मुलाच्या दृष्टीने बारावीनंतरची सवलत, ती कोणत्याही प्रवर्गाची असो, निरुपयोगी असते.

या पार्श्वभूमीवर गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आणि २०२१ मध्ये मंजूर झालेली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना यांचे महत्त्व आहे. जातीऐवजी व्यवसायाच्या आधारे लाभार्थी ठरविणारी ही योजना आहे. ४१ तालुक्यांत मुले व मुली यांच्यासाठी प्रत्येकी एक अशी ८२ वसतिगृहे तीत प्रस्तावित करण्यात आली. पहिल्या टप्प्यात बीड व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांबरोबर जालना जिल्ह्यातील अंबड व घनसावंगी या तालुक्यांचा समावेश झाला. साखरेच्या अर्थकारणातूनच या खर्चाचा वाटा उभा करण्याचे तत्त्वही स्वीकारले गेले. ज्या उद्योगासाठी मूल शाळेबाहेर पडते, त्या उद्योगाने त्याच्या शिक्षणाचा भार उचलावा, हे तत्त्व न्याय्य आहे. मात्र प्रत्येकी शंभर विद्यार्थ्यांची क्षमता आणि तालुक्यातून जाणाऱ्या कुटुंबांचा विस्तार यांची तुलना केल्यास ही सुरुवात आहे, पूर्तता नव्हे, हे उघड आहे. शिवाय ही वसतिगृहे पाचवीपुढील विद्यार्थ्यांसाठी असल्याने प्राथमिक वर्गांचा प्रश्न मूळ जागीच राहतो.

पाळणाघराचा प्रश्न

शिक्षणविषयक चर्चेत जवळजवळ अनुल्लेखित राहिलेला एक मुद्दा येथे मांडणे आवश्यक आहे. ऊसतोड कुटुंबातील मोठी मुलगी शाळा सोडते, ती बहुतांशी धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी. म्हणजे तिची शाळा शाळेच्या दर्जावर जितकी अवलंबून आहे, तितकीच फडावरील पाळणाघरावर अवलंबून आहे. दोन वर्षांच्या मुलाला दिवसभर सांभाळणारी अंगणवाडी कोप्यांजवळ असेल, तर आईला मोठ्या मुलीची गरज उरत नाही. परंतु अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे, शाळा शालेय शिक्षण विभागाकडे, वसतिगृह सामाजिक न्याय किंवा बहुजन कल्याण विभागाकडे, मजूर कामगार विभागाकडे आणि कारखाना साखर आयुक्तालयाकडे, अशी शासनाची विभागणी आहे. कुटुंब एकच असते. त्याचे पाच तुकडे पाच कार्यालयांत जातात आणि प्रत्येक कार्यालय आपल्या तुकड्यापुरते काम पूर्ण झाल्याचा अहवाल देते.

या उपेक्षेचा सर्वांत गंभीर परिणाम मुलींच्या विवाहवयावर होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) राज्यात २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाला होता. जालन्यासह मराठवाड्यातील अनेक जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरेच अधिक आढळले. शाळा सुटलेली, आईबाप सहा महिने परगावी आणि घरी सांभाळणारे कोणी नाही, अशा मुलीचा विवाह लवकर उरकणे हे कुटुंबाला सुरक्षिततेचे वाटते. विवाहानंतर नवी जोडी म्हणजे नवा कोयता होतो आणि उचल मिळण्यास पात्र ठरते. शाळेतील गळती, बालविवाह आणि पुढील पिढीचे स्थलांतर हे एकाच साखळीचे दुवे आहेत. ही साखळी सहावी ते नववी या टप्प्यावरच तोडता येते. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांचा निवासी अनुभव या दृष्टीने अधिक गांभीर्याने अभ्यासला जाणे आवश्यक आहे.

लहान शाळा आणि समूह शाळा

२०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचा निर्णय आणि २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी मांडली गेलेली समूह शाळांची कल्पना यांनी राज्यात तीव्र वाद निर्माण केला. समर्थकांच्या मते लहान शाळेत मुलांना सहाध्यायी मिळत नाहीत, विषयवार शिक्षक मिळत नाहीत आणि खर्चही अवाजवी होतो. विरोधकांच्या मते शेजारशाळा हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि अंतर वाढले की प्रथम मुली गळतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. स्थलांतराच्या संदर्भात मात्र एक तिसरी बाजू पुढे येते. तांड्यावरची शाळा ही तेथे मागे राहिलेल्या मुलांचे जेवण, देखरेख आणि आधार यांचे एकमेव केंद्र असते. हंगामी वसतिगृह चालते ते याच शाळेच्या आवारात. ही शाळा चार-पाच किलोमीटर दूर गेली, तर आजीकडे राहिलेले मूल संध्याकाळच्या जेवणासाठी कोठे जाईल, या प्रश्नाचे उत्तर समूह शाळेच्या आराखड्यात असले पाहिजे. ते नसेल तर बचतीच्या हिशेबात एक खर्च धरलाच गेलेला नाही, असे म्हणावे लागेल.

समारोप

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाबरोबर वसतिगृहांचे जाळे उभारले आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांनी तीच परंपरा रयतेपर्यंत नेली. गरिबाच्या मुलाला शाळा देताना त्याच्या निवासाची व अन्नाची सोय आधी करावी लागते, हे या परंपरेचे सार आहे. आजच्या धोरणांत शाळा, निवास व अन्न हे तिन्ही घटक आहेत. ते एकाच वेळी व एकाच ठिकाणी मुलाला मिळत नाहीत, एवढीच उणीव आहे आणि तीच निर्णायक आहे.

पूर्वोक्त विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. पटाची दुसरी गणना जानेवारीत, हंगाम भरात असताना, झाली पाहिजे आणि तीत आढळलेल्या अनुपस्थितीबद्दल शाळेस दंड होता कामा नये. हंगामी वसतिगृहाची मंजुरी मागील वर्षाच्या अनुभवावर आधारून सप्टेंबरमध्येच मिळावी. कारखान्याजवळच्या शाळेस हंगामात आलेल्या मुलांच्या प्रमाणात निधी व शिक्षक उपलब्ध व्हावेत. लहान मुलांसाठी फडाजवळ अंगणवाडी व शाळा, मोठ्या मुलांसाठी पूर्ण अर्थाने निवासी वसतिगृह, असा वयोभेद धोरणाने मान्य करावा. एप्रिलमध्ये परतणाऱ्या मुलांसाठी विशेष प्रशिक्षणाचे वर्ग सुट्टीतही, आहारासह, चालावेत.

कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कार्यदिवस शाळा चालली पाहिजे. शाळा किती दिवस चालली याची नोंद प्रत्येक शाळेत असते. ऊसतोड कामगाराच्या मुलाला त्यांतील जवळजवळ निम्मे दिवस मिळत नाहीत. पाचवी व आठवीच्या वर्गांसाठी राज्याने २०२३ मध्ये वार्षिक परीक्षा आणि अनुत्तीर्णतेची तरतूद पुन्हा आणली. त्यामुळे या निम्म्या दिवसांचा हिशेब यापुढे त्या मुलाच्या गुणपत्रिकेवर मांडला जाईल. ते दिवस ज्यांनी द्यावयाचे होते, त्यांची गुणपत्रिका मात्र ३० सप्टेंबरच्या पटावर उत्तीर्ण ठरत आली आहे. या दोन गुणपत्रिकांतील तफावत दूर करणे, हे जालना जिल्ह्यातील शिक्षणव्यवस्थेपुढील खरे आव्हान होय.